रुई कुणाची

परतूरच्या टेसन रोडला रामप्रसादचं गाद्यांचं दुकान हाय. पत्र्याचं शेड, समोर शटर, मागं राहायची एक खोली. मी तिथं गाद्या टाचते. लांब दाभण, जाड दोरा अन् बोटाला चामड्याची टोपी. सात वर्षं झाली. माझं नाव बेबीनंदा. लोक मला तोंडाळ म्हणत्यात. म्हणू द्या. तोंडाळ बाईला ढिला टाका खपत न्हाई. पर ही गोष्ट मी तोंड उघडायच्या वक्ताला गप बसले तिथून सुरू झाली, म्हून मीच सांगते.

रामप्रसाद उत्तर प्रदेशातला, बांदा जिल्ह्यातला. आधी जालन्याच्या एका लोखंडाच्या मिलमधी होता. लाल सळई चिमट्यानं धरून ओढायची, अकरा वर्षं तेच काम. दोन्ही हातांची कातडी कोपरापस्तोर काळी-पांढरी झाली. मिलनं माणसं कमी केली तवा यानं गावाकडं तोंड केलं न्हाई. त्याचा बाप पिंजारी होता, खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा. यानं विचार केला, कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याला काय मरण हाय. रुई पिंजायची जुनी मशीन घेतली अन् बायकोला, वंदनाला, घेऊन परतूरला आला.

मरण होतंच की. इथला कापूस जिनिंगला जातो, अन् लोक फोमच्या गादीवर झोपत्यात. समोरच साहेबरावचं फोमचं मोठं दुकान, काचंचं, हप्त्यावर माल देणारं. रामप्रसाद बँकेत गेला तर सायेब म्हणला, सातबारा आण न्हाईतर इथला जामीन आण. याला दोन्ही कुठून येणार. शेड भुजंगरावाचं, मीटर बी त्याच्याच नावावर, अन् करार अकरा महिन्यांचा. दर दिवाळीला भुजंगराव येऊन पत्र्यावर हात मारायचा अन् भाडं वाढवायचा. वर्गणी मागाया पोरं पैल्यांदा आमच्याच दारात. रोडवर कुणाची सायकल गेली तरी पैल्यांदा आमच्याच पोत्यामागं बघणार. सात वर्षं झाली, गिऱ्हाइक त्याला भय्याच म्हणायचं. नाव विचारायला कुणाला सवड न्हाई. बाहेरचं असणं काय असतं ते मला कुणी शिकवाया नको, आमच्या वस्तीनं ते पिढ्यान् पिढ्या शिकलंय. म्हून मी त्याला भाऊ म्हणायची.

तुळशीची लग्नं झाली अन् लगीनसराई लागली. नदीपलीकडच्या गावचा सर्जेराव एक दिवस पिकअपमधी दोन जुन्या गाद्या टाकून आला. त्या दिवशी मी न्हवते. भावकीच्या वाटणीची तारीख होती, अंबडला गेल्ते. मी असते तर हे काहीच झालं नसतं, असं मी अजून म्हणते. वंदनानं दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं.

सर्जेराव म्हणला, "लेकीचं लग्न हाय. या गाद्या उकल, पिंज, अन् नव्या खोळीत भर. त्यातली ही एक लेकीच्या मायची गादी हाय. माय न्हाई आता."

रामप्रसादनं मान हलवली. सर्जेराव घाईत होता, मंडपवाल्याकडं जायचं होतं. वजन करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी टाचाया बसले. लाल फुलांची खोळ, वंदनानं शिवलेली, कोपरे झकास. दाभण खाली घातलं अन् माझा हात थांबला. जुनी रुई दाभणाला धरती, खरखर लागती. नवी रुई गुळगुळीत जाती, तेल लावल्यावाणी. हे दाभण गुळगुळीत गेलं. मला कळलं, आत जुनी रुई न्हाई. एक डाव वाटलं, विचारावं. मंग वाटलं, मालकाच्या ताटात मी काऊन बोट घालू, सर्जेरावनंच नवी दिली असंल. दोरा ओढला, गाठ मारली, पुढचा टाका घातला. दिवसभरात दोन गाद्या उरकल्या. पाठ मोडून आल्ती, म्हून बी गप राह्यले असंल. पर गप राह्यले हे खरं.

गाद्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्जेराव परत आला. पिकअपमधी तीच लाल फुलांची गादी. रस्त्यावर उभी केली अन् तिथूनच बोलाया लागला.

"ए भय्या, बाहेर ये. माझी रुई कुठं हाय?"

रामप्रसाद नाकाचं फडकं सोडत बाहेर आला. मशीनमधून उडालेला रुईचा कोंडा केसावर, भुवईवर. "क्या हुआ दादा?"

"माझ्या मायनं गादीवर हात ठेवला अन् म्हणली, ही आपली रुई न्हाई. माझी माय डोळ्यांनी अधू हाय, पर हातानं न्हाई. खरं सांग. बदलली का न्हाई?"

कुणी दुसरा असता तर न्हाई म्हणला असता. न्हाई म्हणायला काय लागतं? पर हा सरळ माणूस. "बदलली ना दादा. नवीवाली टाकली. चांगली टाकली, आपल्या घरची."

तवर पंचवीस-तीस माणूस जमलं होतं. चांगली टाकली हे कुणी ऐकलंच न्हाई. बदलली, एवढंच सगळ्या रोडनं ऐकलं.

"कुणाला इचारून?" सर्जेराव म्हणला.

रामप्रसाद खाली मान घालून उभा राह्यला, हातातलं फडकं पिळत. सर्जेरावनं गादी दारात फेकली. लाल फुलं धुळीत तोंडावर पडली. वंदना उचलाया गेली तर म्हणला, "हात लावू नको. ही माझ्या लेकीच्या लग्नाची हाय, तुमची न्हाई." मंग स्वतःच म्हणला, "राहू दे, मला बी नको," अन् गाडी चालू करून गेला.

साहेबराव काचंच्या दारात उभा राहून सगळं बघत होता. काही बोलला न्हाई. बोलायची गरजच न्हवती. सांजच्यापस्तोर आख्ख्या परतूरला ठाऊक झालं, भय्या रुई बदलतो.

शटर अर्धं ओढून मी रामप्रसादला समोर बसवलं. म्हणलं, "भाऊ, आता मला सांग. का बदलली?"

त्यानं भुवईवरचा कोंडा पुसला. मंग म्हणला, "बाई, तो बोला, लेकीच्या मायची गादी, माय न्हाई आता. आमच्याकडं गेलेल्या माणसाचा बिछाना घरात ठेवत न्हाई. नदीला देतात. अन् हा बेटीच्या शादीत देऊन राह्यला. मला वाटलं, मजबुरी असंल, नवी घ्यायला पैसे नसतील. तोंडावर कसं बोलू, त्याची इज्जत जाईल. म्हून चुपचाप आपली नवी टाकली. बेटी तो बेटी होती है, किसी की भी हो."

"अन् जुनी?"

"मागं पोत्यात. अमावस्येला दुधना नदीत सोडणार होतो."

मला हसाया बी आलं अन् रडाया बी आलं. दहा-बारा किलो नवी रुई या बाबानं गुपचूप घातली, कुणाला एक शब्द न बोलता, अन् चोर ठरला. म्हणलं, "विचारायचं होतंस रे. एक शब्द विचारायचा होता." लगेच माझीच जीभ मला चावली. मी तरी कुठं विचारलं होतं?

मागं जाऊन बघितलं तर तिथं जुन्या रुईची सहा पोती. लोक उकलल्यावर रुई टाकून जायचे, ती साठवलेली. उंदीर झाले म्हून वंदनानं मधल्या काळात पोती हलवली होती. सगळी रुई करडी, मळकी, एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं. रामप्रसादनं सहाही पोत्यांत हात घातला. मशीनवर सात वर्षं घालवलेल्या माणसाला सांगता येईना, कुठली कुणाची.

दुसऱ्या दिवसापासून लोक आपापली गाठोडी परत न्यायला आले. पिंजायला दिलेली, अजून न उकललेली. एक बाई आपला काटा घेऊन आली अन् आमच्या काट्याशेजारी ठेवून तोलली. वजन बराबर निघालं. तरी मूठभर रुई काढून नाकाशी धरली अन् मंग पदराखाली गाठोडं घेऊन गेली. वंदना चहा टाकते म्हणली तर म्हणली, नको, तुमच्यातलं नको. मी दाभण तिच्या पायापुढं जमिनीत खुपसलं, दुसरं काय करणार.

भुजंगराव आला, पत्र्यावर हात मारला. "रामप्रसाद, माझ्या जागंचं नाव खराब होऊन राह्यलं. बाजाराच्या दिवसापस्तोर मिटव. न्हाई मिटलं तर शटर खाली कर अन् चावी आणून दे."

"मालक, सात साल..."

"सात साल का सत्तर साल. मला काय."

बाजाराला दोन दिवस होते. सर्जेरावच्या घरचं लग्न त्याच्यानंतर दोन दिवसांनी. त्या रात्री वंदना सामान बांधाया लागली. भांडी तिनं आपल्याच गादीच्या खोळीत भरली. सकाळी मी ते बघितलं अन् माझं डोकंच सरकलं. म्हणलं, "आधी भांडी बाहेर काढ. मी जाऊन येते." टेसनापुढून आटो धरला अन् नदीपलीकडं गेले.

सर्जेरावच्या दारात मंडपाचे बांबू पडले होते. सर्जेराव रानात गेल्ता. म्हातारी, साळूबाई, ओट्यावर बसून हळकुंडं निवडत होती. एका डोळ्यात फूल, दुसरा अर्धा. लगीनघरची पोरगी, शालू, मला पाणी घेऊन आली. मी ओट्याच्या कडंला टेकले.

"कुणाची गं तू?" म्हातारी म्हणली.

"मी त्या पिंजाऱ्याकडं गाद्या टाचते, माय. तुमच्या गाद्या मीच टाचल्या."

तिचे हात थांबले. "मंग तुला कळलं असंल."

एवढ्या लांबून मी भांडाया आल्ते. पहिल्याच वाक्याला म्हातारीनं माझं तोंड बंद केलं. मंग मी सगळं सांगितलं, काही झाकलं न्हाई. रामप्रसादला काय वाटलं, त्यानं काय केलं, पोती कशी हलली. ती ऐकत राह्यली.

"येडं हाय का ते," ती म्हणली. "माझी सून जालन्याच्या दवाखान्यात गेली. गादीवर गेली न्हाई. गादीवर ती नांदली. शालू पोटात होती त्या साली आम्ही दोघी सासू-सुनांनी तो कापूस वेचला. हिरीच्या कडंचा तुकडा, गावरान. त्याच्या पुढच्या साली सगळ्यांनी पाकिटातलं बी लावलं अन् गावरान गेला तो गेला. शालू त्याच गादीवर झाली. मायनं लेकीला दुसरं काय ठेवलं? दोन पाटल्या होत्या, त्या दवाखान्यात गेल्या."

शालू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती आत निघून गेली.

"रुई फेकली का हाय?" साळूबाईनं विचारलं.

"हाय. पर सहा पोत्यांत कुठली ते त्याला कळंना."

"त्याला नसंल कळत. मला कळंल." तिनं हळकुंडाचं सूप बाजूला सारलं. "बाजाराच्या दिवशी येते. सर्ज्याला सांगू नको, तो डोक्यात राख घालून बसलाय."

बाजाराच्या दिवशी सकाळीच भुजंगराव आला. मीटरजवळचा फ्यूज काढला अन् खिशात घातला. "सांजच्याला चावी," म्हणला, अन् समोरच्या हाटेलात जाऊन बसला. मशीन मुकी. रोडवर बैलगाड्या, भाजीचे टोपले, टमटमची गर्दी, अन् आमच्या दारात कुत्रं बी थांबंना. रामप्रसाद काट्याच्या पाटावर बसून होता. दोन दिवसांची दाढी, जेवलेला न्हाई.

अकराच्या सुमाराला आटो थांबला. साळूबाई शालूच्या खांद्याला धरून उतरली. मी पळत गेले. तिनं माझा हात झटकला, "मी काय लंगडी हाय का," म्हणली, अन् दुकानात येऊन बराबर काट्याच्या पाटापाशी उभी राह्यली. रामप्रसाद उठला, वाकला, तिच्या पायाला हात लावला. तिनं त्याच्या दंडाला हात लावला अन् भाजल्याच्या वणावरून बोटं फिरवली. मंग पाटावर बसली.

"आणा पोती."

सहाही पोती रस्त्याच्या कडंला चादरीवर ओतली. सहा ढिगारे. बाजारातली माणसं थांबाया लागली. बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राह्यल्या. म्हातारीनं पहिल्या ढिगातली चिमूट घेतली, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणली. "ही लांब तुटती. ही पाकिटाची." टाकून दिली. दुसऱ्याची चिमूट घेतली, ताणली, गालाला लावली. मंग मांडीवर ठेवली.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. सर्जेराव. कुणीतरी त्याला रानात जाऊन सांगितलं असणार. "माय, ऊठ. चोराच्या दारात बसलीस व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोकायला बघू दे," म्हातारी म्हणली. "तू गप."

तो माझ्याकडं वळला. "अन् तू गं? तू टाचलीस ना? तुला कळलं न्हाई का, का तुला बी वाटा होता?"

सगळे माझ्याकडं बघाया लागले. साहेबराव बी दुकानाच्या पायरीवर आल्ता. मी म्हणलं, "कळलं होतं. दाभणाला पहिल्याच टाक्याला कळलं. बोलले न्हाई. रामप्रसादची चूक, त्यानं विचारलं न्हाई. माझी चूक, मी सांगितलं न्हाई. पर चोरी न्हाई झाली, सर्जेरावभाऊ. तुमच्या गादीत त्यानं स्वतःची नवी रुई घातली, जुनीपेक्षा दोन किलो जास्तीची. तोलून बघा. चोर असता तर कमी भरली असती."

म्हातारीचं कुणाकडं ध्यान न्हवतं. तिसरा ढीग, चौथा ढीग, पाचवा. पाचव्याची चिमूट तिनं ताणली अन् थांबली. मंग मांडीवरच्या चिमटीशेजारी ठेवली. सहावा बी बघितला, सोडला न्हाई.

"अर्धी ह्यात हाय," ती म्हणली, अन् दुसऱ्या ढिगाकडं बोट केलं. "अन् अर्धी ह्यात." पाचव्याकडं केलं. "बाकी चार दुसऱ्याची हायेत."

सर्जेराव म्हणला, "एकाच पोत्यात असंल ना माय, दोन कशी?"

तवा वंदना मागून मोरं आली. सात वर्षांत ती कधी रोडवर चार माणसांपुढं बोलली न्हवती. "पोतं फाटलं होतं," ती म्हणली. "उंदरानं. मी अर्धी दुसऱ्या रिकाम्या पोत्यात टाकली, कुणाची ते बघितलं नाही. यांना पण सांगितलं नव्हतं." आत पळत गेली अन् फाटकं पोतं घेऊन आली. सगळ्यांना दाखवलं, उलटं करून. तळाला मुठीएवढं भोक.

गर्दीतून एक म्हातारा म्हणला, "अगं बाबौ." साहेबराव आत गेला.

"आता पिंज," साळूबाई म्हणली. "हितंच. माझ्यापुढं."

रामप्रसादनं मशीनकडं बघितलं. मी हाटेलाकडं बघितलं. भुजंगराव बाकावर बसून होता, खिशावर हात ठेवून, अन् आमच्याकडं बघायचं टाळत होता. मी म्हणलं, "माय, लाईट न्हाई. मालकाच्या खिशात हाय."

रामप्रसाद उठला अन् मागच्या खोलीत गेला. बाहेर आला तवा त्याच्या हातात वंदनाच्या जुन्या साडीत गुंडाळलेली माणसाएवढी लांब वस्तू. साडी सोडली. पिंजण. त्याच्या बापाची. लाकूड घासून काळं, चामड्याची तात धनुष्याच्या दोरीवाणी ताणलेली, अन् शेजारी तात वाजवायचा लाकडी मुठा. सात वर्षं ती भिंतीला टांगलेली मी बघत होते. मला वाटायचं, देवापुढची असंल.

त्यानं तात बोटानं छेडली. ढिली. गुडघा लावून खुंटी आवळली, परत छेडली. मंग पिंजण छताला दोरीनं टांगली, खाली चादर अंथरली, दुसऱ्या अन् पाचव्या ढिगातली रुई तिच्यावर टाकली, अन् मुठा मारला.

टण्‌.

साळूबाईनं मान वर केली. "अगं बाई," ती म्हणली, अन् हसली. तिच्या तोंडात तीन दात. "माझ्या माहेरी यायचा पिंजारी. आम्ही पोरी त्याच्या मागं मागं."

पहिली पाच मिनटं त्याला जमंना. तात रुईत अडकायची, मुठा हुकायचा. अठरा-वीस वर्षं झाली असतील हात मारून. मंग हात आठवला. टण्‌ टण्‌ टणाणा, टण्‌ टण्‌ टणाणा. करडी, चिकटलेली, वीस वर्षं दाबलेली रुई फुटाया लागली. आतून पांढरी निघाली. वर उडाली, पत्र्याला लागली, लोकांच्या डोक्यावर बसली. आख्खा बाजार आमच्या दारात. शेंगावाल्यानं पाटी तिथंच आणून लावली. रामप्रसादच्या अंगावर घाम, घामावर रुई, अन् भाजल्या हातांच्या शिरा दोरखंडावाणी वर आलेल्या. कोंडा खाली बसाया लागला तसा तो खोकाया लागला.

"सर्ज्या," साळूबाई म्हणली. "उभा काय राह्यला? चादरीचं टोक धर. रुई चालली रस्त्यावर."

सर्जेराव हलंना. मंग हलला. चादरीचं टोक धरून बसला. कोंडा नाकात गेला अन् तो बी खोकाया लागला. दोघं आमनेसामने बसून खोकत होते, अन् शालू तोंडाला पदर लावून हसत होती.

दुपार कलली तवा सगळी पिंजून झाली. रामप्रसादच्या तळव्याला फोड आल्ते, मुठ्याला रगत लागलं होतं. वंदनानं पाणी दिलं. त्यानं आधी सर्जेरावला दिलं. सर्जेरावनं ते घटाघटा पिलं. मी त्या बाईला शोधत होते, तुमच्यातलं नको म्हणणारीला. ती गर्दीत होती अन् खाली बघत होती.

लाल फुलांची खोळ मी उकलली. आतली नवी रुई बाहेर काढाया लागले तर साळूबाई म्हणली, "नवी सगळी काढू नको. खाली नवी राहू दे, वर आपली घाल. गावरान रुई बसत न्हाई, ती वरच पाहिजे." मंग रामप्रसादला म्हणली, "ही खालची कुणाची म्हणून सांगू रं लेकीला?"

रामप्रसाद लाजला. "काकी, आमच्याकडं लगनात मामा आहेर घेऊन येतो, त्याला भात बोलतात. बहनच्या दारात. कपडे, बिछाना, सगळं. मला बहन न्हाई. म्हून कधी न्यायला मिळालं न्हाई."

म्हातारीनं मान हलवली. "मंग मामाचीच."

मी रस्त्यावर बसून टाचलं. सगळ्यांदेखत. दाभण वरच्या थरात खरखर लागलं अन् खालच्यात गुळगुळीत गेलं. एकेक टाका असा ओढला की बोटाची चामडी टोपी फाटली.

मधीच एक बाई गाठोडं घेऊन आली, मशीन चालू हाय का म्हणली. तिच्यामागं अजून दोघी. मी म्हणलं, मालकाला विचारा. साळूबाईनं हाटेलाकडं तोंड केलं अन् आवाज दिला, "भुजंगा, ये हिकडं. तुझी माय अन् मी एका वळीनं कापूस वेचलाय, साळुंक्याच्या रानात, रोजानं. तवा तुमचं शेड बी न्हवतं अन् मीटर बी न्हवतं. तू बांधावर झोळीत असायचास."

भुजंगराव आला. शर्ट खाली ओढत आला, एवढा मोठा माणूस. मीटरचं दार उघडलं अन् फ्यूज लावला. मशीन घरघरली. कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत, आमच्याकडं वाजवत न्हाईत. पर त्या दिवशी सांज होईस्तोवर काट्यावर अकरा गाठोडी आली, अन् मी खडू घेऊन एकेकावर नाव घातलं.

दोन दिवसांनी लग्न. आम्हाला पत्रिका आल्ती, रामप्रसादच्या नावाची, भय्या म्हून न्हाई. त्यानं नवा पांढरा सदरा घातला. वंदना अन् मी बायकांत बसलो. रुखवतात लाल फुलांची गादी सगळ्यात वर, अन् येणारी बाई तिच्यावर हात दाबून बघायची. हात दाबला की वर यायचा. मला आतून गुदगुल्या होत होत्या, आता लपवून काय करू.

मुहूर्ताची वेळ झाली. माईकवर पुकारलं, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. शालूचे दोन मामा उठले. साळूबाई पुढच्या खुर्चीत बसली होती. तिनं हातातली काठी आपटली.

"तिसरा कुठाय?"

माईकवाला गडबडला. मामा एकमेकांकडं बघाया लागले. सर्जेराव मंडपातून चालत मागं आला, गड्यांच्या ओळीत, जिथं रामप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यावर टोपी घातली, दंडाला धरलं अन् मोरं घेऊन गेला. रामप्रसाद शालूच्या मागं जाऊन उभा राह्यला, दोन मामांच्या मधी. तळव्याला पट्टी बांधलेली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् पुसायला हात मोकळा न्हवता, अक्षता धरलेल्या. वंदना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी बी रडले. मला रडायची लाज वाटत न्हाई, गप बसायची वाटती.

जेवणं झाली तवा भुजंगराव आमच्याजवळ आला. सुपारी कातरत उभा राह्यला जरा वेळ. मंग म्हणला, "रामप्रसादभाऊ, माझ्या घरी चार जुन्या गाद्या हायेत. उद्या पाठवतो. अन् कराराचं बी बसून बोलू, तीन सालांचा करू."

भाऊ म्हणला. मी ऐकलं, वंदनानं ऐकलं. मला वाटलं रामप्रसाद आता हात जोडील, मालक मालक करील.

त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. "पाठवा ना," म्हणला. "पर पहिले बसा, अन् सांगा. रुई कुणाची हाय?"

भुजंगरावनं सुपारी खिशात घातली. मंग खुर्ची ओढली, बसला, अन् आपल्या मायचं सांगाया लागला.